आगराच्या बांधावर

पिग्मी गोळा करायला निघालो होतो,
शिरोड्याच्या आगराजवळ
एका पक्ष्याने पाऊण तास अडवून ठेवलं.

बाकीचे कुरव नेहमीचे,
मासळीच्या टोपलीवर भांडणारे.
हा त्यांच्यातला नव्हता.
त्यांच्या निम्मा, कानामागे काजळाची तीट.
निघताना कुणी लावली असेल,
कुठल्या गारठ्यात, कोण जाणे.

बसतच नव्हता.
कोंडीवर उतरायचा, पाण्याला नुसतं चोचीचं टोक लावायचा,
ताप बघायला कपाळाला बोट लावावं तसं,
आणि परत वर.
पंख उचलला की खालून काळा.
पांढऱ्या छत्रीला काळं अस्तर.

दुर्बीण मोतीरामने पाठवलेली.
माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षं वाळवंटात
पाइपांवर आकडे रंगवतो.
एकदा फोनवर म्हणाला होता,
हंयसर एक तळां आसा, मिठाचां.
कोण फिरकना नाय. पाणी पितलो कोण?
पण थंडीत पाखरां येतत,
बारकी, पांढरी.
मी डबो घेवन थंयच बसतंय.

पाखरं कसली, ते मी विचारलं नाही.
मी विचारलं, यंदा घराचे चिरे आणायचे आहेत,
पैसे कधी टाकतोस.

सगुण कोंडीत फळी ओढत होता.
काय रे, जनावर काय?
नाय, पाखरू.
आला. मिठाने तडकलेल्या बोटांनी
दुर्बीण धरली, उलटी.
कोंडी, बांध, सुरूची रांग, सगळं
दूर गेलं असणार त्याच्यासाठी.
लांब गेलां मरे, म्हणाला आणि हसला.
मी लगेच सरळ करून दिली नाही.
मग दिली.
बराच वेळ काही बोलला नाही तो.
नंतर म्हणाला, ह्या पाण्यात ह्येका गावता काय?

वीस रुपये दिले त्याने, ओलसर नोट.
पावतीवर त्याच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला,
वाळल्यावर मी तो फुंकला नाही.

निघालो तेव्हा पाखरू तिथेच होतं,
टोक लावत, उठत, टोक लावत.
चहाच्या टपरीपाशी सायकल टेकवून
मोतीरामला फोन लावला.
घंटी वाजत राहिली.
तिकडचं घड्याळ अडीच तास मागे,
डबा उघडायला
त्याला अजून अवकाश होता.