नवी पाटी

जुनीची कुणी गोळ्या झाडून चाळण केली,
म्हणून हायरमने हिवाळाभर शेडमध्ये बसून नवी कोरली,
तपकिरीवर पिवळी अक्षरं :
माउंट ग्रॅहम, १०,७२० फूट.
आता ती ट्रकमागे उताणी पडली आहे,
आभाळाला नाव वाचून दाखवत.

साफर्डचा कापूस मागे पडतो.
मग मेस्किट, मग काटे,
मग काट्यांनाही नकोसा झालेला मुरूम.
वळणागणिक कान बंद होतात नि उघडतात.
ओक येतात, खुजे, खांदे पाडलेले;
त्यांच्या वर पाँडेरोसा,
ज्यांच्या सालीला ऊन लागलं की व्हॅनिलाचा वास सुटतो;
आणि शेवटी फरची अंधारी दाटी.
मे सरत आला तरी एका खाचेत मळका बर्फ.
खाली अॅरिझोना तसंच,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं.

अर्लेटा गाडी चालवते. ती सान कार्लोसची, अपाची.
हायरम तिला ऐकवत राहतो :
पलटणीबरोबर चाललेल्या एका नकाशेवाल्याने म्हणे
खालूनच, घोड्यावर बसल्या बसल्या,
आपल्याच खात्यातल्या दुसऱ्याचं नाव याला देऊन टाकलं.
चढायचं कशाला, नाव ठेवायला?
रांगेचं नाव पिनालेन्यो. त्यात पाइन आहे की हरीण,
यावर जाणती माणसं अजून हातघाईवर येतात.
आणि त्या शिखरावरून शिपाई आरशांनी बोलायचे,
उन्हाचे तुकडे करून.
आरसे गेले. शिखराला हेलिओग्राफ चिकटलं ते चिकटलंच.

"आणि तुमच्यात?"
अर्लेटा गिअर बदलते.
"मोठा, बसलेला."
"एवढंच?"
"एवढंच कुठे. बसलाय ना."

हायरम गप्प होतो.
त्याच्या भाषेत डोंगर उभे असतात.
मागच्या सीटवर मी; माझ्याही.
उभ्याला आपण विचारतो, कुठे निघालास?
बसलेल्याकडे आपणच जायचं असतं,
जोडे बाहेर काढून.

नऊ हजार फुटांवर खड्डा खणायला घेतात.
पहार दगडावर वाजते.
जळक्या खोडांमधून एक तांबूस खार
आमच्यावर तोंडसुख घेते.
आगीत हिच्या आज्या-पणज्यांचे शंकूंचे ढीग गेले,
हिने पुन्हा पहिल्यापासून मांडलंय.
तीही नावं ठेवते आहे,
डोंगराला नव्हे, आम्हाला.

खांब रोवला. अर्लेटा पातळी लावून बघते :
बुडबुडा किंचित डावीकडे.
"राहू दे," हायरम म्हणतो,
"बर्फ सरळ करेल, नाहीतर पाडेल."
हात पुसायला चिंधी सापडत नाही,
तो पँटलाच पिवळे डाग पुसतो.

उतरेपर्यंत सावली आमच्या पुढे गेली होती,
कापसावर, जिनिंगच्या पत्र्यांवर,
तुरुंगाच्या लागत चाललेल्या दिव्यांवर,
पार नदीपर्यंत पोचलेली,
मांडी न मोडता.