कोरडं

रात्री पावणेदोनला शालिकला आणलं तेव्हा तो ओलाचिंब होता.
पाऊस नव्हता.
घाम, लाळ, डोळ्यांचं पाणी,
आणि छातीत घरघर, टाकीच्या तळाशी उरल्यासारखी.
पंचफुलाच्या हातात फडक्यात बांधलेली रिकामी बाटली.
"हे औषध मारत होते. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली न यंदा.
वारा उलटा होता, अन् पाठीवरचा पंप गळे."

औषधच म्हणाली ती.
आमच्याकडे दोन्हींना औषधच म्हणतात,
बाटलीतल्याला आणि सुईतल्याला.

कपडे उतरवले, साबणानं पुसून काढलं.
बॅटरी मारली डोळ्यांत.
बाहुल्या मोहरीएवढ्या.

तीन ॲम्प्यूल. पाच मिनिटं.
सहा. पाच मिनिटं.
बारा.
ट्रेमध्ये काचेच्या मानांचा ढीग.

"हे जहर आत काय करून रायलं, सिस्टर?"

मी पट्टी चिकटवता चिकटवता सांगत गेले.
नसेच्या टोकावरून एक निरोप्या निघतो,
पलीकडचं दार वाजवतो, की घाम सुटतो, लाळ सुटते.
लगेच एक झाडणारी येते, त्याला झाडून नेते.
म्हणून तर थांबतं सगळं.
फवाऱ्यातला फॉस्फरस त्या झाडणारीच्या हातालाच चिकटून बसलाय.
निरोपे साचलेत. दार वाजतंय, वाजतंय.

"मंग सुईनं जहर निघते?"

नाही निघत.
ॲट्रोपीन जहराला बोटही लावत नाही.
ते नुसतं दाराच्या आतून कडीला पाठ लावून बसतं.
बाहेरचे ठोठावत राहतात.

हात सोडवणारी शिशी वेगळी. पीएएम.
ती फॉस्फरसला म्हणते, तिला सोड, मला धर.
आणि तो धरतोही, वेळेत गेलं तर.
उशीर झाला की तो बंध मुरतो,
मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
म्हणून तर तुला तीनदा विचारलं,
उलटी पहिल्यांदा किती वाजता झाली.

तिनं बोटं मोजली. काही बोलली नाही.

शवागाराच्या भिंतीला धोतरा माजलाय,
पांढरी फुलं, काटेरी बोंडं.
मुलं खातात कधी, मग त्यांनाही इथंच आणतात,
लालबुंद, बरळत, बाहुल्या फाटलेल्या.
त्याच धोतऱ्यातलं ॲट्रोपीन मी रात्रभर शालिकच्या शिरेत सोडत होते
आणि दर पाच मिनिटांनी
त्याच्या काखेत हात घालून बघत होते:
कोरडं झालं का?
या मुलखात हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही.
मी त्याची वाट बघत होते.

साडेतीनला काख कोरडी.
छातीवर नळी ठेवली, घरघर नाही.
नाडी एकशे दहा. जीभ चामड्यासारखी.

पहाटे त्याची बोटं चादरीवर चालू लागली.
चिमटीत धरायचं, खुडायचं, मुठीत घ्यायचं.
हवेतूनही.
"हे काय करून रायले?" पंचफुला भिंतीला टेकली.
कापूस वेचतोय, मी म्हटलं. सुई जरा जास्त झालीय. उतरेल.
ड्रिपचं चाक फिरवून थेंब कमी केले.

बोंडं फुटायला अजून दोन महिने होते.

त्यानं भरली मूठ तिच्याकडे केली.
ती थोडा वेळ नुसती बघत राहिली.
मग जवळ आली, पदर पसरला.
त्यानं मूठ उघडली, पुन्हा चादरीकडे वळला.
"किती भरला?" सुकल्या तोंडानं विचारलं त्यानं.

"सोळा किलो," ती म्हणाली.
पदर तसाच धरून.

यवतमाळची गाडी अजून यायची होती.