जहाजाचा हजेरीपट

फुझेटाच्या शाळेत, मिठागरांच्या बाजूच्या वर्गात
दोना एर्मेलिंडाबाईंनी दर्यावर्दी शिकवायला घेतले
तेव्हा पुस्तक उघडलंच नाही.
पुस्तकात कप्तानाला अख्खं पान होतं, दाढीसकट.
"त्याचा पुतळा आहे चौकात," बाई म्हणाल्या,
"त्याला हजेरीची गरज नाही."

मग पिशवीतून काढला एक कागद,
कुठल्याशा दप्तरखान्यात बसून स्वतः उतरवून आणलेला:
जहाजावरच्या चौतीस जणांची नावं, कामं, पगार.
आम्ही वर्गात पस्तीस.
उरला झाकारियास, त्याला जहाजावरचा उंदीर केलं.
तो वर्षभर खूश होता.

सुतार, शिडं शिवणारा, पिंपं बांधणारा,
आणि ज्यांच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं
असे सात पोरगे, आमच्याच वयाचे.
माझ्या वाट्याला आला ब्राश,
भटारखान्यातला हरकाम्या.
बापाचं नाव: रिकामी जागा.

रोज प्रार्थनेनंतर जहाजाची हजेरी.
"मार्तिन्यो, सुतार?"
"हजर!"
"लोरेन्सो, शिडवाला?"
"हजर!"
फळ्याच्या कोपऱ्यात त्या काळची तारीख,
वारा कुठला, गोडं पाणी किती पिंपं.
एकदा बाईंनी आणली दगडासारखी बिस्किटं,
टेबलावर आपटून आळ्या कशा पाडायच्या ते दाखवलं.
आमच्या बिस्किटांत आळ्या नव्हत्या.
आम्हाला फार वाईट वाटलं.

नोव्हेंबरात पहिली रेघ.
अबीलियोचा खलाशी हिरड्या सुजून गेला.
अबीलियो उठला, भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसला,
हसत, कारण तिकडे पाढे विचारत नसत.
नाताळपर्यंत भिंतीकडे अकरा जण.
तोवर हसायचं कुणाला सुचेनासं झालं होतं.
हजेरी लवकर संपायची,
आणि उरलेल्या वेळात
मिठागरातल्या फावड्यांचा आवाज वर्गात यायचा.

कुश्तोदियोची रेघ कागदावर मार्चात होती.
त्याचे वडील कॉड पकडायला न्यूफाउंडलंडकडे गेलेले,
बोट ऑक्टोबरात यायची, ती आली नव्हती.
घरात ताट वाढत होते म्हणे अजून.
मार्च आला. बाईंनी त्याचं नाव घेतलं.
"हजर."
मार्च गेला. बाईंनी त्याचं नाव घेतलं.
"हजर."
चौतीसांतल्या त्या एका माणसाला
त्यांनी जिवंत ठेवलं, कागदाविरुद्ध,
आणि आमच्यापैकी कुणीही,
झाकारियाससुद्धा, चूक दाखवली नाही.

ब्राशचं मात्र अवघड होतं.
एका बेटावर जहाज पाणी भरायला थांबलं,
तिथं त्याच्या नावापुढे इतकंच:
'उतरला. परत चढला नाही.'
मेला असं नाही. पळाला असंही नाही.
मला बसवायचं कुठे?
बाई खडू हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या,
मग माझी खुर्ची उचलून दारात ठेवली,
दोन पाय आत, दोन बाहेर.
तिथून अर्धा फळा दिसायचा,
मिठाचे ढीग, आणि पाठ फिरवून बसलेले सीगल.

तेव्हा उंदराने विचारलं,
"बाई, त्या बेटावर आधीच माणसं होती ना?
त्यांची हजेरी कोण घेतं?"
बाईंनी कागद उलटा केला.
मागची बाजू कोरी.
"असेल त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या.
"आपल्याकडे नाही."
आणि कोऱ्या बाजूकडेच बघत राहिल्या,
जणू कुणी खूप बारीक अक्षरात
काही लिहून ठेवलं असावं.

जूनमध्ये जहाज परतलं.
कागदावर दहा जण, वर्गात अकरा.

शेवटपर्यंत बाई ब्राशचंही नाव घ्यायच्या.
मला 'हजर' म्हणायची परवानगी नव्हती,
तो आता तिकडचा होता, तिकडच्या बोलीत बोलला असता.
तिकडे 'हजर'ला काय म्हणतात
हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं, बाईंनाही.
म्हणून मी नुसता हात वर करायचो.

इतकी वर्षं झाली.
अजूनही कुठल्या खिडकीवर, दवाखान्यात
माझं नाव पुकारलं
की आधी हात वर जातो.
आवाज मागाहून येतो.