दहा मीटर

मानाउस सुटलं तेव्हा रेंजच्या चार दांड्या होत्या,
इरांदुबापाशी एक,
मग तीही नदीनं गिळली.

मधल्या डेकवर शंभरेक झुले,
अनोळखी पावलं एकमेकांच्या उशाशी.
माझ्या खाली कसाव्याच्या पिठाची गोण
आणि टोपलीत कुणाची तरी कोंबडी, बिनतिकिटाची.

फोनला म्हटलं, बघ कोण आहे जवळपास.
त्यानं नावं आणली:
'दुदाची आई', 'नोनातोचं गॅरेज', 'हात लावू नका'
आणि 'जोसिव्हान १'.
चार झुले पलीकडे
पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा
काचेच्या उजेडात माझ्याकडे बघून हसत होता.
माझ्या फोनला मी कधी नावच दिलं नव्हतं.
तो ओरडला, "झिरो-थ्री! झिरो-थ्री तूच ना?"

पत्रिका जुळावी तसे सहा आकडे जुळले.

टेबल टेनिस. अर्धं टेबल माझ्या हातात, अर्धं त्याच्या,
मधे जाळी म्हणून तिघं झोपलेली:
एक पोटुशी, एक शिपाई,
आणि तोंडावर टोपी घेतलेला कुणी.
त्यांच्या अंगावरून रात्रभर चेंडू गेला,
एकालाही कूस बदलावी लागली नाही.

माझ्याकडून निघालेला, त्याच्याकडे न पोचलेला,
असा चेंडू पापणीभर कुठेच नसे.
तेवढ्यात मी त्याचं तोंड बघून घेई.
डावीकडे मारणार असला
की जीभ आधी डावीकडे जायची.
तरी हरले. अकरा-नऊ.
तो किंचाळला, शिपाई जागा झाला,
मग आम्ही आवाज बंद करून खेळलो,
इंजिनाच्या धडधडीत.

साडेतीनला कोदाजास.
आत्यानं त्याला दंडाला धरून उठवलं,
एका हातात चप्पल, एका हातात फोन,
फळीवरून उतरतानाही तो खेळत होता.
पाच-चार. मी मारला.
बोट मागे सरली,
धक्का सात मीटर, नऊ,
आणि तो उभा, मान खाली,
काचेत वाट बघत.

'जोडीदार सापडत नाही.'

पुढे कप्तानाचा दिवा
पाण्यात ओंडके हुडकत राहिला.
सकाळी कोंबडीनं अंडं घातलं, त्यावरून दोघींचं भांडण झालं,
मी मधे पडले नाही.

दुपारी कोआरी दिसायला लागलं,
दांड्या परत आल्या, धाकटीचे सात निरोप आले.
ते उघडण्याआधी
मी फोनचं नाव बदललं.
'झिरो-थ्री काकू. पाच-चार.'