ग्राहक क्रमांक तोच

बेस्टचा मीटर रीडर होतो मी,
एकतीस वर्षं माझगावची टेकडी पायाखाली.
त्या बंगल्याचं मीटर जिन्याखालच्या कपाटात,
छत्र्यांच्या मागे,
शेजारी एक हॉकीस्टिक. कुणाची, कधी कळलं नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बिलावर नाव
शिरीन फरामजी तवडिया.
बाई स्वतः टॉर्च धरायच्या.
"नीट वाच डिकरा, गेल्या म्हैन्यात तू तीनाचा आठ केला."
केला होता.
अठ्ठावीस युनिट, एवढ्या थोरल्या घरात.

बागेला मीटर नव्हतं,
म्हणून तिचं माप ज्यानं त्यानं आपापलं धरलं.
म्हातारपाखाडीतला ऑगस्टिन शपथेवर सांगतो,
तिथला आंबा वर्षातून दोनदा धरायचा,
नाताळच्या ताटात त्याची आई कैरीचं लोणचं वाढायची.
गोदीतले निवृत्त दुदवडकर म्हणतात, कसला दोनदा,
एकदा धरला तरी आमच्या पोरांनी ठेवला असता का?
सकीनाबेन म्हणतात, गल्लीतल्या एकूण एक नवरीचे हात
त्या कुंपणाच्या मेंदीनं रंगले, माझेसुद्धा.
आणि सगळे शेवटी एका सुरात:
बाईंच्या वेळी फाटक कसं सताड उघडं असायचं!

खोटं आहे.
बाईंच्या वेळी फाटकाला साखळी होती,
साखळीमागे कुत्रा होता,
आणि मी, सरकारमान्य माणूस,
बेल दाबून दाबून उन्हात वाळायचो.

फाटक उघडलं ते बाई गेल्यावर.
पुतणे कोर्टात गेले, घराला सील लागलं,
आणि अकरा वर्षं
ते घर कुणाचंच नव्हतं.
राहिला फक्त माळी, सोनू घाडी,
पगार कोण देतं, त्यालाही ठाऊक नव्हतं.
विहिरीचं पाणी काढून झाडांना घालायचा
आणि मालवणीत शिव्या द्यायचा,
"फुलतंस काय मेल्या, की उपटू?"
साखळी त्यानंच काढली. मग आली
पोरं, मेंदी, कैऱ्या, ऑगस्टिनची आई,
दुपारी अभ्यासाला मुली, रात्री पत्त्यांना बाप्ये.
ती बाग ह्यांना आठवते.
नाव तेवढं बाईंचं लावतात,
बिनमालकाची आठवण
ठेवायची कुठल्या खात्यात?

माझ्या वहीत त्या अकरा वर्षांपुढे
दर महिना एकच शेरा: दार बंद.
पण कपाटाची किल्ली सोनूकडे होती,
आणि मीटर मी पाहायचो.
महिन्याला तीन युनिट. बरोब्बर तीन.
पंचवीसचा बल्ब, रोज चार तास,
बागेकडच्या व्हरांड्यात.
मी विचारलं नाही. तो म्हणाला,
"झाडांका घर दिसूक होया."
मी पुन्हा लिहिलं, दार बंद.

मग निकाल लागला, सौदा झाला,
नाव बदलण्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला.
नवं नाव रकान्यात मावेना,
शेवटी नुसतं प्रायव्हेट लिमिटेड.
ग्राहक क्रमांक तोच.
मागची बाकी काढली तर तीनशे शहाण्णव युनिट जास्त.
साहेबांनी चष्म्यावरून बघितलं: हे काय?
म्हटलं, गळती असेल.
जुनी वायरिंग आहे, साहेब.

आता प्रत्येक झाडाला दिवे आहेत, खालून वर.
घर छान रंगवलंय, खोटं का बोलू,
बाईंच्या वेळी इतकं देखणं नव्हतं.
मीटर फाटकाबाहेर आलं, काचेच्या पेटीत,
आकडे आपले आपण चमकतात,
आत जायचं कारण उरलं नाही.
सोनू गावी गेला म्हणतात. कुणी म्हणतं, अजून वर गेला.

संध्याकाळी नाक्यावर वाद रंगतो,
आंबा एकदा की दोनदा,
कारंज्यात मासे होते की नव्हते.
मग मला विचारतात, तुम्ही तर आत जायचात,
तुम्ही सांगा.

मी त्यांना हॉकीस्टिकचं सांगतो.