पंच क्रमांक दोन

भांडीबाजाराच्या बोळात क्षेमकल्याणी काकांचं दुकान,
आठ फूट बाय अकरा.
यादी द्या, कोरी नव्वदची द्या, परवा या.
इनलेवर ते हिरव्या शाईनं लिहायचे,
आणि एखादं गाणं बाजू संपताना तुटणार असेल तर
गिऱ्हाइकाला न विचारता दुसरं छोटं घालायचे.
ते छोटंच लोकांना आवडायचं, असं काकांचं म्हणणं.

जीप आली पावणेबाराला.
दोन हवालदार, एक फौजदार, आणि मुंबईहून आलेला
कंपनीचा माणूस, नम्र, घामेजलेला.
पंच हवे होते. मी समोरच्या गल्ल्यावरून उठून
काय झालं बघायला आलो,
म्हणून मी पंच.

"कलम त्रेसष्ट," फौजदार म्हणाले.
मला शाळा आठवली. छत्तीसात तीन आणि सहा
पाठ फिरवून बसतात, त्रेसष्टात समोरासमोर.
तसे ते दोघं बसलेही होते खरे,
काउंटरच्या अल्याड-पल्याड,
मधे चहाचे कप. चहा काकांनीच मागवलेला.

कंपनीचा माणूस होलोग्राम दाखवू लागला :
असा तिरपा धरला की चमकतो, तो खरा.
काका म्हणाले, "साहेब, नाशिककराला खरं-खोटं शिकवता?
माझा मेहुणा नाशिकरोडला नोटा छापतो."
हवालदार हसला. फौजदारांनी त्याच्याकडे पाहिलं.

मग मोजणी.
हवालदार आकडा म्हणे, मी "बरोबर" म्हणे.
सिनेमाची, भक्तीची, लग्नात वाजवायची.
सुरगाण्याच्या काशिराम भोयेची पावरी, अठरा नग.
ती काकांनीच मागच्या खोलीत
पंख्याचं बटण बंद करून रेकॉर्ड केलेली,
दोनशे रुपये आणि जेवण देऊन.
नाव मात्र काशिनाथ लिहिलं होतं, अठराही नगांवर.
त्याच्या वतीनं जीपमधून
कुणी उतरलं नव्हतं.

तीनशे अठरा.
लेबल नाही. हिरवी शाई : "तांबट आळी, सकाळ."

ती माझी होती.
वडील हंड्याला ठोके देताना मी मागे टेप ठेवला होता;
येवल्याच्या बहिणीला एक प्रत हवी होती.
गाणं नाही त्यात. दोन जड, एक हलका,
मधेच खोकला, मधेच "अरे पाणी आण".
त्या ठोक्यांची कंपनी नव्हती.

"बिनलेबल. नकली लिहा."
मी "बरोबर" म्हणालो.
सांगितलं असतं तर सोडलीही असती त्यांनी.
पण माझ्या मागे अर्धा बाजार उभा होता,
आणि चोरीच्या मालात आपलं काही निघणं
त्या क्षणी मला चोरीसारखंच वाटलं.
खाली सही केली. पंच क्रमांक दोन.

तेरा वर्षं तारखा.
त्या गाण्यांचे पैसे गाणाऱ्यांना पोचले का, ठाऊक नाही.
पोचले असतील तर बरंच झालं, हे मी मनापासून म्हणतो;
काकांनाही हिशेब कधी सांगता आला नाही.
दुकानात आधी मोबाइलची कव्हरं आली,
मग नुसतं शटर.
एका पावसाळ्यात पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी लागलं
आणि मुद्देमालाची खोली दोन दिवस बुडाली.
वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते.

शेवटी कागदावर एकच ओळ :
आरोपी मयत, खटला बंद, मुद्देमाल नष्ट करावा.
त्यालाही पंच लागतात. मला बोलावणं आलं.
गाळानं फुगलेलं पोतं. सील तेवढं शाबूत, खाली माझी सही.
"ओळखता का?"
"हो," म्हणालो. "बरोबर."

आता कधी दुपारी गिऱ्हाईक नसलं की
दुकानाच्या मागे हातोडी उचलतो.
दोन जड, एक हलका. दोन जड, एक हलका.
नक्कल बऱ्यापैकी जमते.
खोकला माझा स्वतःचा आहे.