पट्टी सात, फोटो एकशे बारा

बारा हजार फुटांवरून नाशिक.
करड्या कागदावर गोदावरी पांढुरकी,
नासर्डी केसाएवढी.
बांध सरळ नाहीत,
जिथे भांडण मिटलं तिथे वळलेत.

प्रत्येक विहीर एक काळा ठिपका
आणि ठिपक्याला नखाएवढी शेपटी: मोटेची धाव.
मी मोजल्या. पाथर्डीपासून नासर्डीपर्यंत
एकशे एकेचाळीस.
आमच्या आताच्या नकाशावर चार.
एकीवर जाळी, एक बँकेच्या पार्किंगखाली,
उरलेल्या दोन कुणी बघून आलेलं नाही.

पुंजाजी जाचक स्टुलावर बसले.
दावा निकाली निघून नऊ वर्षं झाली,
आता फक्त बघायचंय, म्हणाले.
चष्मा कपाळावर सारून वाकले. काही उमगेना.
"वरून कधी पाह्यलंच नाही ना, ताई.
हे पाखराला विचारा."

मग त्यांनी फोटो हळूहळू फिरवला,
उत्तर खाली, दक्षिण वर,
पांडवलेण्यांचा डोंगर समोर आणला
जसा तो बैलांच्या शिंगांमधून दिसायचा,
आणि बोट ठेवलं.
बोटाखाली खळं, आंबा, कांद्याचे वाफे,
चुलत्याची वाटणीसुद्धा
झाकली गेली.

"विमान आलं त्या दिवशी मी नाड्यावर बसलेलो.
सात वर्षांचा असेन. हरभरा घाट्यावर होता.
घरघर ऐकून बैल बुजले, सोंदूर तुटला,
मोट गेली तळाला
अन् बैल गेणूच्या हरभऱ्यात.
बापानं मला बदडलं.
विमानाला कोण बदडणार?"

मी स्टिरिओस्कोप पुढे सरकवला.
दोन फोटो एकमेकांत मिसळले की
झाडं उभी राहतात, विहिरी खोल जातात.
पुंजाजींनी पाय झटकन स्टुलाखाली घेतले,
काठावरची माती सुटावी तसे.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
पंखा तेवढा कागद उचलत होता.

बांधापलीकडे दोन बारीक ठिपके होते.
मी म्हटलं, धूळ असेल,
जुन्या फिल्मला डाग असतातच.
रुमालाने काच पुसली.
एक ठिपका गेला.

"राहिला तो पवळ्या," ते म्हणाले,
भिंग न सोडता.
"दुसरा गरीब होता. हाक मारली की यायचा."